‘परत जा’ म्हणणारे अंमलदार



एलूल महिना लागला की आपल्याकडे सेलिहोथची तयारी सुरू होते, आणि इकडे अमेरिकेत त्याच सुमारास कॉलेजे उघडतात. मुलांची खोकी बांधली जातात, आया डब्यांतून चकल्या भरून देतात, आणि बाप मंडळी फीचे कागद पुढ्यात घेऊन बसतात. ह्याच दिवसांत शब्बाथला शोफेतीम ही पराशा वाचण्यात येते. तिच्यातील न्यायाधीश, साक्षीदार आणि राजा यांजविषयीच्या आज्ञा आपण दर वर्षी ऐकतो. आज आम्हांस तिच्या शेवटच्या भागाकडे, म्हणजे देवारीमच्या २० व्या अध्यायाकडे, वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. त्यास कारण घरचेच घडले आहे, ते ओघाने येईल.

लढाईस तोंड लागण्यापूर्वी प्रथम कोहेन पुढे येऊन लोकांस धीर देतो. त्यानंतर अंमलदार, ज्यांस तोरा शोतेरीम म्हणते, ते बोलू लागतात. आता अंमलदाराचे काम काय? आपण म्हणू, माणसे गोळा करणे, रांगा भरणे, हजेरी घेणे. परंतु तोरा त्यांच्या तोंडी जे बोलणे घालते ते ऐकून कोणत्याही सेनापतीच्या काळजात धस्स व्हावे. नवे घर बांधून ज्याने अजून त्यात बिऱ्हाड केले नाही, त्याने घरी जावे. द्राक्षमळा लावून ज्याने त्याचे फळ चाखले नाही, त्याने जावे. ज्याची मागणी झाली पण लग्न लागले नाही, त्यानेही जावे. आणि एवढे सांगून झाल्यावर, ज्याच्या मनात भीती आहे त्यानेसुद्धा निघून जावे, नाहीतर त्याच्या भीतीने शेजाऱ्याचे काळीजही वितळेल.

वर्गात हा भाग शिकविताना आम्ही मुलांस विचारीत असू, की हा अंमलदार शत्रूने तर नेमलेला नाही ना? मुले हसत. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मिश्नेतील सोता या भागात ह्यावर रब्बींची चर्चा आहे. रब्बी अकिवा म्हणतात, भीती म्हणजे साधी भीतीच. ज्यास उपसलेली तलवार पाहवत नाही, तो. रब्बी योसे हग्लिली म्हणतात, आपल्या पापांमुळे ज्याच्या मनात धाकधूक आहे, तो. आणि पुढे ते एक अशी गोष्ट सांगतात की जिच्यामुळे आम्हांस हे रब्बी फार जवळचे वाटतात. घर, मळा आणि वाङ्‌निश्चय ही कारणे तोराने बरोबर जोडून दिली ती अशासाठी, की भिणारा माणूस रांगेतून बाहेर पडला तर तो घरासाठी गेला की मळ्यासाठी की भीतीने, हे कोणास ओळखू येऊ नये. जाणाऱ्याची लाज झाकली जावी. परमेश्वराच्या सैन्यात नुसता जाण्याचा दरवाजाच आहे असे नाही, तर त्या दरवाजावर पडदाही आहे!

गिदोनाने हेच केले. भितो त्याने जावे असे त्याने सांगताच २२,००० माणसे उठून गेली आणि १०,००० उरली. त्या १०,०००मधूनही पुढे ३०० च घेतली गेली. आता कोणी गैरसमज करून घेऊ नये. जी लढाई देवाच्या आज्ञेने करावयाची, तीत नवरदेवानेही बोहल्यावरून उठून जावे असे त्याच मिश्नेत आहे. आणि जे परततात त्यांनी मागे राहून सैन्यास अन्नपाणी पुरवावयाचे व रस्ते दुरुस्त करावयाचे असतात. तेव्हा तोरा कोणास घरी झोपा काढावयास पाठवीत नाही. ती एवढेच म्हणते, की ज्यास नेणार त्यास बाहेर जाण्याची वाट आधी दाखवा, मग न्या.

आता घरची गोष्ट.

आमच्या मुलीचा मुलगा गेल्या वर्षी इथे न्यू जर्सीत हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात होता. वय १७. इंजिनिअर व्हावयाचे मनात, आणि लहानपणापासून सैन्याची ओढ. ती कोठून आली हे आपल्या लोकांस वेगळे सांगावयास नको. कंपनी सरकारच्या पलटणीत आपले सुभेदार व जमादार किती होते! म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडलेले सामाजी हसाजी दिवेकर सुटून आले आणि त्यांनी १७९६ साली मुंबईत शाआर हारहामीम ही आपली पहिली मशीद बांधली, ही कथा आम्ही नातवास झोपताना सांगत आलो. आमच्या आजोबांच्या घरी भिंतीवर पलटणीच्या पोशाखातील एक फोटो होता, त्यावर कधी धूळ बसलेली आम्ही पाहिली नाही. तेव्हा अंगावर वर्दी असलेला मनुष्य खोटे बोलेल असे आमच्या मनातही आले नाही. ह्या एका गोष्टीने आमचा घात केला.

नातवास इथल्या कॉलेजांतून जी आर. ओ. टी. सी. असते तीत जावयाचे होते. १९१६ च्या कायद्याने ती सुरू झाली. भूदल, नौदल आणि हवाई दल यांची आपापली वेगळी आहे. कॉलेजचे शिक्षण घेता घेता लष्करी शिक्षण घ्यावयाचे आणि पदवीबरोबर लेफ्टनंट किंवा नौदलात असल्यास एन्साइन व्हावयाचे. शिष्यवृत्ती मिळाल्यास फी सरकार भरते. आम्हांस वाटले, म्हणजे आपली एन. सी. सी.! आम्ही मुंबईत कॉलेजात असताना खाकी घालून परेडला जात होतो, कँपला जात होतो, ‘सी’ सर्टिफिकेट घेतले, आणि पुढे जन्मभर खडू हातात धरला. कोणी विचारले नाही की बाबा रे, तुझी वर्षे कुठे आहेत? इथले तसे नाही. इथे त्या फीच्या बदल्यात वर्षे द्यावयाची असतात, आणि ती एकंदर ८ धरतात. भूदलाच्या शिष्यवृत्तीत साधारणपणे ४ वर्षे पूर्णवेळ आणि बाकीची राखीव दलात. नौदलात पूर्णवेळ ५. हवाई दलात वैमानिक झाल्यास शिक्षण संपल्यापासून १०. हिंदुस्थानातून आलेल्या किती आईबापांनी आमच्यासारखाच एन. सी. सी.चा हिशेब मनात धरला असेल!

शाळेच्या जेवणघरात एक सार्जंट टेबल मांडून बसत असे. नातवाने त्यास आर. ओ. टी. सी.विषयी विचारले. सार्जंट म्हणाला, ‘‘सगळे एकच आहे. तू माझ्याकडे सही कर, काही महिन्यांत तुला कॉलेजच्या ऑफिसर कोर्सला पाठवतील, त्याची हमी मी देतो.’’ आता खरी गोष्ट अशी, की बाजारपेठेत ज्याचे ऑफिस असते तो भरतीवाला शिपायांची भरती करतो. कॉलेजातील ऑफिसर-शिक्षणाचे खाते निराळे. त्याचा प्रमुख प्रोफेसर ऑफ मिलिटरी सायन्स हा असतो, आणि चौकशी त्याच्या खात्यात करावयाची असते. शिपाई होऊन नंतर कॉलेजच्या ऑफिसर कोर्सला जाता येते, ह्यात खोटे नाही. पण तेथे निवड होते, आणि त्या निवडीची हमी देणे सार्जंटच्या हातात नसते. दोन दरवाजे एकमेकांशेजारी, दोन्हींवर सैन्याचीच पाटी. १७ वर्षांच्या मुलास काय कळणार? ६६ वर्षांच्या मास्तरांसही कळले नाही.

सार्जंट घरी आला. मुलगा १७ चा असल्यामुळे आईबापांच्या सह्या हव्या होत्या. आम्ही त्यास चहा दिला, करंज्या दिल्या. मनुष्य गोड. ‘‘सर, मॅडम’’ केल्याशिवाय बोलत नसे. कागद भरताना प्रकृतीचे प्रश्न निघाले. दमा आहे काय? मुलगी म्हणाली, चौदाव्या वर्षी डॉक्टरांनी पंप दिला होता. सार्जंटने पेन खाली ठेवले. म्हणाला, ‘‘लहानपणची गोष्ट, ती लिहिलीच पाहिजे असे काही नाही.’’ आणि त्याने आमच्याकडे पाहिले.

बंधु-भगिनींनो, इथे आम्हांस जे लिहावयाचे आहे ते लिहिताना हात जड होतो. आम्ही मुलीस मराठीत म्हणालो, ‘‘अगं, नाही म्हण. दोन वर्षांत त्याने पंप हातात धरला नाही.’’ तिने नाही म्हटले. नातू आमच्या तोंडाकडे बघत होता. त्यास मराठी बोलता येत नसले तरी कळते.

पुढे त्यास तपासणीच्या केंद्रावर नेले, आणि शपथ देऊन सही घेतली. २०२२ पासून अशा केंद्रांवर दवाखान्यांतील नोंदी संगणकावर काढून पाहतात, असे आम्हांस मागाहून कळले. त्या दिवशी ती नोंद नजरेतून कशी सुटली देव जाणे. पण आज सुटलेली नोंद उद्या सापडते, आणि सापडली म्हणजे खोटी माहिती देऊन भरती झाल्याचा गुन्हा मुलाच्या माथी बसतो. पेन खाली ठेवणारा त्या वेळी कोठे असेल कोण जाणे, आणि ‘नाही म्हण’ सांगणारा आजोबा तर कायद्यास दिसतही नाही.

कागदांची प्रत घरी आली ती आम्ही आठ दिवसांनी चष्मा लावून वाचली. आयुष्यभर मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणणाऱ्याने आठ दिवस! त्यात कॉलेजचे नाव नव्हते. ऑफिसरचे नाव नव्हते. ४ वर्षांची पूर्णवेळ शिपाईगिरी होती. आणि त्यातच स्वच्छ लिहिले होते की ह्या कागदावर व त्यास जोडलेल्या पुरवण्यांवर जे आहे तेच खरे, कोणी तोंडी काही कबूल केले असल्यास ते पाळले जाणार नाही. म्हणजे सार्जंट खोटे बोलला, पण कागद खोटे बोलला नाही. कागदास कोणी विचारलेच नाही.

आम्हांस लाबानाची आठवण झाली. याकोबाने करार करताना किती काळजी घेतली पाहा: तुझी धाकटी मुलगी राहेल हिच्यासाठी सात वर्षे. राशी म्हणतात, एवढी खूण सांगूनही उपयोग झाला नाही. सकाळी पाहतो तो लेआ. आणि विचारल्यावर लाबान काय म्हणतो? आमच्या गावी अशी रीत नाही. रीत होती तर ती सात वर्षांपूर्वी का नाही सांगितली? लुच्च्या माणसाची हीच खूण. तो नियम सांगतो, पण सही झाल्यावर. याकोबाची वीस वर्षे तेथे गेली. मात्र एक गोष्ट आपले शास्त्री विसरू देत नाहीत: हाच याकोब आपल्या आंधळ्या बापापुढे दुसऱ्याच्या कपड्यांत उभा राहिला होता. फसविला गेलेला मनुष्य प्रत्येक वेळी स्वच्छच असतो असे नाही. हे आम्ही स्वतःस उद्देशून लिहीत आहोत.

नातवास खरे सांगितले तेव्हा तो रडला नाही, चिडला. सार्जंटवर नव्हे, आमच्यावर. ‘‘तुम्ही वाचायला पाहिजे होते,’’ एवढेच इंग्रजीत म्हणाला.

सुदैवाने त्याची भरती पुढील तारखेची होती. अशा मुलांचा एक वर्ग असतो. सही झालेली पण अजून शिक्षणाच्या छावणीवर न गेलेली. छावणीवर जाण्यापूर्वी त्यांनी लेखी विनंती केली तर त्यांस सोडण्यात येते, आणि भरतीवाल्याने धमकी देऊन त्यांस अडवू नये असा सैन्याचाच नियम आहे. हे आम्हांस आमच्या मशिदीत येणाऱ्या एका निवृत्त लष्करी गृहस्थांनी सांगितले. पत्र गेल्यावर सार्जंटचे फोन सुरू झाले. पोलीस येतील, कॉलेजसाठी सरकारी मदत जन्मात मिळणार नाही, सरकारी नोकरीचे नाव नको. ह्यातले काहीही खरे नव्हते. मुलगी मात्र रात्ररात्र जागली. काही आठवड्यांनी सुटकेचा कागद आला.

आम्ही त्या सार्जंटचे नाव लिहीत नाही, आणि सगळे भरतीवाले असेच असतात असेही म्हणत नाही. त्या माणसावरही दर महिन्याला अमुक इतकी माणसे आणण्याचा बोजा असतो. आकडा भरला नाही तर वरचा साहेब त्यास सोडीत नसेल. पण म्हणूनच तोराचे शोतेरीम आठवावे. त्यांच्याही डोक्यावर आकडा होता, शत्रू समोर उभा होता, आणि तरी त्यांस आज्ञा होती की आधी जाण्याची कारणे वाचून दाखवा. सैन्य घटेल ही भीती परमेश्वरास नव्हती. फसवून आणलेल्या माणसांनी ते भरू नये एवढीच त्याची इच्छा.

वायिक्रामध्ये आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये अशी आज्ञा आहे. आपल्या शास्त्र्यांनी आंधळा म्हणजे त्या गोष्टीत ज्यास दिसत नाही तो, असा अर्थ केला. ते उदाहरण देतात: शेत वीक आणि गाढव घे, असा सल्ला एखाद्यास द्यावयाचा, आणि ते शेत आपणच गिळावयाचे. सार्जंटने हेच केले. पण पंपाच्या वेळी आंधळ्यापुढे दगड कोणी ठेवला? त्यात आमचा लोभ होता. फी वाचेल, आणि आमच्या वंशात पुन्हा एक वर्दीचा फोटो भिंतीवर लागेल. खोट्या गोष्टीपासून दूर राहावे असे तोरा सांगते, आणि दूर म्हणजे नुसते बोलू नये असे नव्हे, जवळ उभेही राहू नये. आम्ही तर करंज्यांची बशी पुढे केली होती.

किप्पूरच्या दिवशी देवाविरुद्ध केलेल्या पापांची क्षमा होते; माणसाविरुद्ध केलेल्याची, त्या माणसाने केल्याशिवाय होत नाही. हे आम्ही किती वर्षे शिकविले! ह्या एलूलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नातवाच्या खोलीत गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘‘आजोबा, इट्स ओके.’’ आम्ही म्हणालो, इतके लवकर ओके करू नकोस. आणि खुर्चीवर बसून राहिलो. मग त्याने विचारले की तुम्ही तेव्हा तसे का सांगितले. आम्ही सांगितले. बराच वेळ गेला.

त्याची ओढ काही गेली नव्हती. तेव्हा कॉलेज ठरल्यावर मागील महिन्यात आम्ही, मुलगी आणि तो, त्या कॉलेजच्या लष्करी शिक्षणाच्या खात्यात गेलो. तेथे चौकशीस बसलेल्या बाईंनी, त्या स्वतः पूर्वी सैन्यात होत्या, आधी काय सांगितले ते ऐका. शिष्यवृत्ती घेतलीस तर पहिले वर्षभर केव्हाही सोडून जाता येईल, पण दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसलास की बांधला गेलास. नंतर सोडलेस तर सगळे पैसे परत करावे लागतील किंवा शिपाई म्हणून जावे लागेल. शिष्यवृत्ती न घेता पहिली दोन वर्षे वर्गात बसलास तर काहीच बंधन नाही. पदवीनंतर पूर्णवेळ सैन्यात घेतील की राखीव दलात, आणि कोणते काम देतील, हे वर ठरते. तुझ्या आवडीची हमी मी देऊ शकत नाही. सराव पुष्कळदा शनिवार-रविवारी असतो. शब्बाथचे तुम्ही आधी बोलून ठेवा, मागाहून नव्हे. त्यांनी दम्याचे विचारले. नातवाने आमच्याकडे न पाहता ‘होय’ म्हटले. तेराव्या वर्षानंतर दमा असल्यास अडचण येते, सूट मागता येते, पण ती मिळेलच असे नाही, असे त्या म्हणाल्या. आणि ‘‘सही आज करू नकोस, घरी जा,’’ म्हणाल्या.

घरी जा! आम्ही मुलीकडे पाहिले. तिला शोफेतीमचे काही आठवले नसावे. ती पार्किंगची वेळ पाहत होती.

येथे नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे पण नागरिकत्व नाही अशी मुले शिपाई म्हणून भरती होऊ शकतात. ऑफिसर होण्यास व आर. ओ. टी. सी.चा करार करण्यास मात्र नागरिकत्व लागते. तेव्हा अशा मुलास कोणी ‘तुला लगेच ऑफिसर कोर्स देतो’ म्हणाला, तर त्याच्या पुढ्यातील चहाचा कप उचलून घ्यावा. डोक्यावर किप्पा घालण्याविषयी कोणी भय दाखविल्यास: १९८६ साली हवाई दलातील रब्बी गोल्डमन यांचा दावा सुप्रीम कोर्टात हरला होता हे खरे, परंतु पुढल्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून वर्दीबरोबर साधा, नीटनेटका धार्मिक पोशाख घालण्यास मुभा दिली. आणि ज्या मुलांनी अशा सह्या करून ठेवल्या आहेत व अजून छावणीवर गेलेली नाहीत, त्यांच्या घरच्यांनी लाजेने गप्प बसू नये. रब्बी योसेंचा तो पडदा आठवावा. मशिदीत कोणी विचारणार नाही, आणि विचारलेच तर आम्ही आमचीच गोष्ट आधी सांगू.

नातू पहिल्या वर्षाच्या लष्करी वर्गात बिनशिष्यवृत्तीचा, बिनबंधनाचा बसला आहे. गेल्या शुक्रवारी कॉलेजातून आला तो जेवणास बसण्यापूर्वी प्रकृतीचा एक फॉर्म आमच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, ‘‘आजोबा, वाचा.’’ आम्ही चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दम्याच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने ‘होय’ लिहिले आहे. फॉर्म सोमवारी गेला. उत्तर अजून आलेले नाही.